आधी चिप, मग लस : पाळीव प्राणी परदेशी नेताना

परदेशी बदली झालेली किंवा परदेशातून कायमची परत येणारी कुटुंबं आपल्या कुत्र्या-मांजरांबद्दल जे प्रश्न विचारतात, त्यांत ठरावीक गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतात. सगळ्या लशी वेळेवर झाल्या आहेत, पुस्तिकेत सह्या-शिक्के आहेत, तरी रेबीजची लस पुन्हा का टोचायला सांगतात? चिप बसवली आहे, मग कुत्रा हरवल्यावर तो कुठे आहे हे फोनवर का दिसत नाही? अमेरिकेत बसवलेली चिप जर्मनीत चालेल का? पुण्यात बसवलेल्या चिपचा नंबर भारताच्या कोडने सुरू होत नाही, म्हणजे ती बनावट आहे का? विमानाचं तिकीट हातात आल्यावर हे प्रश्न पडले, तर उत्तर बहुतेक वेळा एकच मिळतं: आता उशीर झाला आहे.

या सगळ्या गोंधळाचं मूळ एका समजुतीत आहे. पासपोर्ट, व्हिसा, हेल्थ सर्टिफिकेट या कागदांच्या यादीत चिप ही शेवटी उरकायची एक गोष्ट आहे, असं आपण धरून चालतो. खरं तर प्राण्याचे बाकीचे सगळे कागद तिच्यावर उभे असतात आणि ती आधी नसेल तर त्यांतले बरेचसे सीमेवर बाद होतात. म्हणून परदेशी जाण्याची नुसती शक्यता असेल, तरी चिप सगळ्यात आधी बसवा आणि रेबीजची लस त्यानंतर द्या. असं का, आणि क्रम चुकला असेल तर काय करायचं, ते पुढे पाहू.

चिप काय करते आणि काय करत नाही

मायक्रोचिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी, साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड काचेची बंद नळी. डॉक्टर ती जाड सुईने मानेखाली, दोन खांद्यांच्या मधल्या सैल कातडीत सोडतात. तिच्यात बॅटरी नसते. स्कॅनर जवळ धरला की त्याच्या लहरींतून तिला क्षणभर ऊर्जा मिळते आणि ती आपला नंबर कळवते. याहून जास्त ती काहीही करत नाही. तुमचं नाव, फोन, पत्ता, लशींच्या तारखा यांपैकी काहीच तिच्यात साठवलेलं नसतं, आणि प्राणी कुठे आहे हे तिला सांगता येत नाही. जागा कळायला हवी असेल तर जीपीएसचा पट्टा वेगळा घ्यावा लागतो.

आज बहुतेक देश मान्य करतात ती चिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांनुसार बनलेली असते. तिचा नंबर १५ आकडी असतो आणि ती १३४.२ किलोहर्ट्झवर वाचली जाते. पहिल्या तीन आकड्यांवरून बरीच घबराट होते. ते देशाचा कोड असू शकतात (भारताचा ३५६) किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीचा कोड असू शकतात. कंपन्यांचे कोड ९०० ते ९९८ या दरम्यान असतात आणि ते ‘आयकार’ ही आंतरराष्ट्रीय संस्था देते. त्यामुळे पुण्यात किंवा पणजीत बसवलेल्या चिपचा नंबर ९ ने सुरू होत असेल तर त्यात गैर काहीच नाही. काळजी करायची ती फक्त ९९९ ने सुरू होणाऱ्या नंबरची. हा कोड चाचणीच्या चिपसाठी राखलेला आहे, त्यामुळे तो नंबर जगात एकमेव असेल याची खात्री देता येत नाही.

क्रमाला इतकं महत्त्व का

विमानतळावरच्या अधिकाऱ्यासमोर दोन गोष्टी असतात: पिंजऱ्यात बसलेला एक तपकिरी लॅब्रॅडॉर आणि अमुक तारखेला एका लॅब्रॅडॉरला रेबीजची लस दिल्याचा कागद. हा कागद याच कुत्र्याचा आहे हे त्याला कशावरून कळावं? नाव, रंग, वय, फोटो यांतलं काहीच पुरेसं नाही, कारण तसे हजारो कुत्रे असतात. कातडीखालून वाचलेला नंबर आणि कागदावर लिहिलेला नंबर जुळला, तरच कागद आणि प्राणी एकमेकांचे ठरतात. आता लस जानेवारीत टोचली आणि चिप जूनमध्ये बसवली असेल, तर जानेवारीत त्या प्राण्याला नंबरच नव्हता. ती लस त्यालाच दिली हे दाखवायला पुरावा उरत नाही. लस वैद्यकीयदृष्ट्या निकामी झालेली नसते, तुमचा कुत्रा सुरक्षितच असतो. पण सीमेवरच्या हिशोबात ती लस दिलेलीच नाही असं धरलं जातं. युरोपीय संघ, ब्रिटन, अमेरिका, जपान या सगळ्यांची या बाबतीत भूमिका एकच आहे: चिप लशीच्या आधी किंवा फार तर त्याच दिवशी. त्याच दिवशी करणार असाल तरी आधी चिप टोचून ती स्कॅन करून घ्या, नंतर लस द्या.

याला नोकरशाहीचा हट्ट म्हणून हसणारे बरेच भेटतात. त्यांनी ऑस्ट्रेलियाचा नियम पाहावा. तिथे जाणाऱ्या कुत्र्या-मांजरांना मेलबर्नजवळ मिकलहॅमच्या केंद्रात क्वारंटाइन करतात. रेबीजच्या प्रतिपिंड तपासणीसाठी रक्ताचा नमुना घेण्याआधी सरकारी पशुवैद्याने चिप वाचून प्राण्याची ओळख नोंदवली असेल, तर हा मुक्काम किमान १० दिवसांचा असतो. ती नोंद नसेल तर किमान ३० दिवसांचा. लस तीच, रक्ततपासणी तीच, फरक फक्त ओळख पटण्याचा. त्या एका नोंदीवरून २० दिवस वाचतात, म्हणजे अधिकारी सगळ्यात जास्त कशावर विश्वास ठेवतात ते उघड आहे.

कडकपणामागे रेबीज आहे. हा रोग एकदा दिसू लागला की माणसाला आणि प्राण्याला जवळजवळ निश्चित मृत्यू आहे, आणि ज्या देशांनी तो हद्दपार केला त्यांना तो पुन्हा आत येऊ द्यायचा नाही. भारतात कुत्र्यांमधला रेबीज अजून आहे, म्हणून भारतातून निघणाऱ्या प्राण्यांना जास्त पायऱ्या चढाव्या लागतात. गोव्यातले वाचक इथे एक रास्त मुद्दा मांडतात: गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं, मग आम्हाला हे नियम का? गोव्याने केलेलं काम मोठं आहे, यात वाद नाही. पण परदेशांच्या याद्या देशवार असतात, राज्यवार नसतात. दाबोळीहून निघालेला कुत्रा त्यांच्या लेखी भारतातूनच आलेला असतो.

कुठे जायचं आहे त्यावर किती महिने

हातातले महिने मोजताना चिपचा दिवस हा पहिला दिवस धरा. भारतातून निघणाऱ्यांसाठी मुख्य ठिकाणांचा हिशोब असा आहे. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर ताजी माहिती पडताळून घ्या.

- युरोपीय संघ : चिप, मग रेबीजची लस (पिल्लाचं वय किमान १२ आठवडे), लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची टायटर टेस्ट. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट यायला हवं. नमुना घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबल्यावरच प्रवेश. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी चार महिने लागतात. फिनलंड, आयर्लंड आणि माल्टा इथे जाणाऱ्या कुत्र्यांना पट्टकृमीचं औषध प्रवेशाच्या २४ ते १२० तास आधी डॉक्टरांकडून द्यावं लागतं.
- ब्रिटन : क्रम आणि मुदत जवळपास हीच, कुत्र्यांना पट्टकृमीचं औषधही लागतं. विमानाने प्राणी कार्गो म्हणून आणि मान्य मार्गानेच येऊ शकतो, हे आधी लक्षात घ्या.
- अमेरिका : १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्यांचे नियम बदलले आहेत. कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, आयएसओ स्कॅनरवर वाचता येणारी चिप हवी, सीडीसी या तिथल्या आरोग्य यंत्रणेचा ऑनलाइन फॉर्म भरलेला हवा. भारत जास्त धोक्याच्या देशांत मोडतो, म्हणून लस आणि चिप यांचं सरकारी पशुवैद्याने प्रमाणित केलेलं प्रमाणपत्र आणि सीडीसीकडे नोंदलेल्या केंद्राचं आगाऊ आरक्षण लागतं. अशी केंद्रं ठरावीक विमानतळांवरच आहेत. टायटर टेस्ट नसेल तर २८ दिवस तिथेच राहावं लागतं आणि खर्च तुमचा. मांजरांना सीडीसीचा हा नियम लागू नाही, पण राज्याचे आणि विमान कंपनीचे नियम बघा.
- जपान : चिपनंतर दोन वेळा रेबीजची लस, मग रक्ततपासणी, मग १८० दिवसांची प्रतीक्षा. येण्याची पूर्वसूचना किमान ४० दिवस आधी द्यावी लागते.
- ऑस्ट्रेलिया : भारतातून थेट नेता येत नाही. आधी त्यांच्या मान्य यादीतल्या देशात प्राणी न्यावा लागतो आणि तिथून पुढची प्रक्रिया होते. ही तयारी महिन्यांच्या हिशोबात करावी लागते.

अडचण अशी की कंपन्या बदलीचं पत्र सहा-आठ आठवडे आधी देतात आणि इथे चार महिने लागतात. तुमच्या प्राण्याला चिप आधीच असेल, रेबीजची लस त्यानंतरची असेल आणि टायटर टेस्ट करून ठेवलेली असेल, तर यातला बहुतेक काळ तुमच्या हातात आधीच जमा असतो. युरोपच्या नियमांत एकदा पास झालेली टायटर टेस्ट पुन्हा करावी लागत नाही, अट एवढीच की त्यानंतरचा प्रत्येक बूस्टर आधीच्या लशीची मुदत संपण्याआधी दिलेला असावा. एक दिवस जरी उशीर झाला तरी घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. म्हणून बूस्टरची तारीख कॅलेंडरवर निदान महिनाभर आधीची टाका.

वेळ खरोखरच नसेल तर काय? प्राण्याला आई-वडिलांकडे किंवा विश्वासू माणसांकडे ठेवून सगळं पूर्ण झाल्यावर न्या. इथे युरोपचा एक नियम लोकांना माहीत नसतो. खासगी प्रवास म्हणून मान्यता हवी असेल तर, प्राणी मालकाने लेखी अधिकार दिलेल्या व्यक्तीबरोबर गेला तरी, त्याचा प्रवास मालकाच्या प्रवासाच्या आगेमागे पाच दिवसांत व्हावा लागतो. तुम्ही मार्चमध्ये गेलात आणि कुत्रा जुलैमध्ये एकटा पाठवला, तर त्याला व्यापारी वाहतुकीचे वेगळे नियम लागू होतात. ते टाळायचं तर कुत्र्याला न्यायला तुम्हालाच भारतात यावं लागेल, असं गृहीत धरूनच बजेट आखा.

चिप बसवून घेताना

एवढी साधी गोष्ट म्हणून ती पाच मिनिटांत उरकली जाते आणि चुका तिथेच होतात. पुढच्या गोष्टी डॉक्टरांकडे आग्रहाने मागा. त्यात संकोच करायचं कारण नाही.

- बसवण्याआधी चिप पाकिटातच स्कॅन करून घ्या. आयएसओ मानकाची १५ आकडी चिप आहे ना, आणि नंबर पाकिटावरच्या स्टिकरशी जुळतो ना, ते स्वतः पाहा.
- बसवल्यावर पुन्हा स्कॅन करा आणि नंबर मोठ्याने वाचून घ्या.
- बारकोडची स्टिकर पाकिटात बहुधा एकाहून जास्त असतात. एक पुस्तिकेत, एक प्रमाणपत्रावर लावा, उरलेली जपून ठेवा.
- चिप बसवल्याची तारीख आणि शरीरावरची जागा पुस्तिकेत लिहून सही-शिक्का घ्या. नंबर आहे पण तारीख नाही, ही सर्वांत सामान्य त्रुटी आहे. तारीखच नसेल तर चिप लशीच्या आधीची होती हे सिद्ध कसं करणार?
- त्यानंतर लस. लशीचं नाव, बॅच नंबर, दिल्याची तारीख आणि वैधतेची तारीख पूर्ण लिहून घ्या.

नंबर हाताने उतरवणं टाळा. १५ आकड्यांत एक आकडा उलटसुलट झाला तर तो कागद दुसऱ्याच प्राण्याचा ठरतो, आणि रक्ताच्या अहवालावर ही चूक झाली तर नमुना पुन्हा घेण्याची पाळी येऊ शकते. रक्त घेण्याआधी चिप स्कॅन करायला लावा आणि प्रयोगशाळेच्या फॉर्मवरचा नंबर स्वतः तपासा. तारखांबद्दलही जागे राहा. आपण ५/७ हे पाच जुलै म्हणून लिहितो, अमेरिकेत तेच सात मे म्हणून वाचलं जातं. महिना अक्षरात लिहून घेतला की हा प्रश्न मिटतो.

लस आधी, चिप नंतर असं झालेलं असेल तर वाद घालण्यात वेळ घालवू नका. चिप असलेल्या प्राण्याला रेबीजची लस पुन्हा द्या आणि दिवस तिथून मोजा. बहुतेक निरोगी प्राण्यांना ही जादा लस सहज सोसते. आजारी किंवा फार म्हातारा प्राणी असेल तर डॉक्टरांशी बोला. ही नवी लस कागदोपत्री पहिली लस धरली जाते, त्यामुळे युरोपसाठी टायटर टेस्टचे ३० दिवस याच तारखेपासून सुरू होतात.

न वाचली जाणारी चिप

अमेरिकेत वर्षानुवर्षं राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या प्राण्यांना अनेकदा जुन्या पद्धतीची नऊ किंवा दहा आकडी चिप असते. ती १२५ किलोहर्ट्झवर चालते, त्यामुळे फक्त आयएसओ चिप वाचणारा स्कॅनर तिच्यावरून फिरला तरी गप्प राहतो. अधिकाऱ्याच्या दृष्टीने मग प्राण्याला चिपच नाही. युरोप आणि ब्रिटन यांचा नियम असा की चिप मानकाप्रमाणे नसेल तर ती वाचण्याचं साधन मालकाने बरोबर आणावं. स्वतःचा स्कॅनर विकत घेऊन नेता येतो, पण तो ऐन वेळी बिघडला तर तुम्ही अडकलात. माझं मत स्पष्ट आहे: दुसरी, आयएसओ चिप बसवून घ्या आणि दोन्ही नंबर प्रत्येक कागदावर लिहून घ्या. दोन चिप असल्याने प्राण्याला त्रास होत नाही. मात्र स्कॅनर कधी एक वाचतो, कधी दुसरी, म्हणून दोन चिप आहेत हे अधिकाऱ्याला आपणहून सांगा.

चिप कधी कधी जागा सोडून खांद्याकडे किंवा छातीकडे सरकते, क्वचित बंदही पडते. दर वर्षी लशीला नेता तेव्हा ती स्कॅन करायला सांगा. वाचायला त्रास होऊ लागला असेल तर जुनी पूर्ण मुकी होण्याआधीच नवी बसवा आणि दोन्ही नंबर एकाच भेटीत वाचून त्याचं डॉक्टरांचं पत्र घ्या. हे पत्र म्हणजे जुन्या लशींना नव्या नंबरशी जोडणारा पुरावा. जुनी चिप एकदा बंद पडली की हा दुवा जोडणं फार अवघड होतं. कातडीवर गोंदवलेला नंबरही युरोपात एके काळी चालत असे. आज तो ३ जुलै २०११ च्या आधी गोंदवलेला आणि स्पष्ट वाचता येणारा असेल तरच मान्य आहे, म्हणजे व्यवहारात तो मार्ग संपला आहे.

नंबर नोंदला नाही तर

सीमा ओलांडून झाली की लोक चिप विसरतात, आणि तिचा दुसरा उपयोग तिथेच वाया जातो. नंबरातून तुमच्यापर्यंत पोचायचं तर तो कुठल्या तरी नोंदवहीत तुमच्या नावावर हवा. भारतात पाळीव प्राण्यांच्या चिपची सगळ्यांसाठी एकच राष्ट्रीय नोंदवही नाही. खासगी नोंदी आहेत, पण जर्मनीतल्या निवारा केंद्रात तुमचा नंबर वाचला गेला तर तिथला माणूस भारतातली खासगी नोंद शोधत बसणार नाही.

२००९ साली अमेरिकन पशुवैद्यकांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. ५३ निवारा केंद्रांत आलेल्या, चिप असलेल्या ७,७०४ प्राण्यांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. रस्त्यावर सापडलेल्या कुत्र्यांपैकी एकूण २१.९ टक्के मालकांकडे परत गेले, चिप असलेल्यांपैकी ५२.२ टक्के. मांजरांत तर फरक आणखी मोठा: एकूण १.८ टक्के, चिप असलेल्यांत ३८.५ टक्के. घराबाहेर न पडणाऱ्या मांजराला चिप कशाला, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. पण चिप असूनही ज्यांचे मालक सापडले नाहीत, त्यांत सगळ्यात मोठं कारण चुकीचा किंवा बंद पडलेला फोन नंबर हे होतं. देश बदलणारा माणूस सगळ्यात आधी फोन नंबर बदलतो, म्हणून हा धोका आपल्याला इतरांपेक्षा जास्त आहे.

पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच त्या देशातल्या नोंदवहीत नंबर नोंदवा, स्थानिक फोन द्या आणि पर्यायी संपर्क म्हणून भारतातल्या एखाद्या नातेवाइकाचा नंबरही द्या. इंग्लंडमध्ये कुत्र्यांना ६ एप्रिल २०१६ पासून आणि मांजरांना १० जून २०२४ पासून चिप आणि नोंदणी सक्तीची आहे. नोटीस मिळूनही पूर्तता केली नाही तर ५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. घर बदललं की नोंद बदलणं ही तुमचीच जबाबदारी. जुन्या देशातली नोंद मात्र रद्द करू नका, तिथे फक्त नवा फोन टाका. नोंदणी करणारी कंपनी टिकेलच असंही नाही. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेतली ‘सेव्ह धिस लाइफ’ ही कंपनी अचानक बंद पडली आणि तिच्याकडे नोंदलेल्या प्राण्यांच्या मालकांना दुसरीकडे नव्याने नोंदणी करावी लागली. चिप तीच राहते, नंबर तोच राहतो, फक्त नोंद हलवायची असते. वर्षातून एकदा आपला नंबर शोधून पाहिला तर असा प्रकार वेळेत लक्षात येतो.

शंका आणि आक्षेप

चिपमुळे कर्करोग होतो, ही भीती सर्वांत जास्त ऐकू येते. तिला आधार आहे तो प्रयोगशाळेतल्या उंदरांवरच्या निरीक्षणांचा, आणि कातडीखालच्या बाह्य वस्तूभोवती गाठी होण्याची त्यांची प्रवृत्ती कुत्र्या-मांजरांपेक्षा वेगळी आहे. कुत्र्या-मांजरांत चिपच्या जागी गाठ झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत, पण त्या अत्यंत विरळ आहेत. प्रत्यक्षात जास्त आढळणाऱ्या तक्रारी म्हणजे चिप सरकणं आणि न वाचली जाणं. तरीही तिथे गाठ लागली तर डॉक्टरांना दाखवा, चिपची सूज म्हणून सोडून देऊ नका.

म्हाताऱ्या कुत्र्याला हा त्रास कशाला, हा आक्षेप मायेपोटी येतो आणि तो समजण्यासारखा आहे. चिपसाठी भूल सहसा लागत नाही, सुई नेहमीच्या लशीच्या सुईपेक्षा जाड असते आणि काम काही सेकंदांत होतं. तेरा वर्षांच्या कुत्र्याला खरा त्रास लांबच्या विमानप्रवासाचा आणि क्वारंटाइनचा असतो. तो प्रवास त्याला झेपेल का, यावर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. नेऊ नका असं ते म्हणाले तर तेही ऐका.

गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर आहे, तो पुरे, असंही म्हटलं जातं. तो असावाच, कारण शेजाऱ्याकडे स्कॅनर नसतो. पण पट्टा निघतो, तुटतो, कोणी काढूनही टाकतो, आणि सीमेवर त्याला पुरावा म्हणून कोणी विचारत नाही.

भारतात परत येताना

परतीच्या वाटेवर दोन बाबी सांभाळाव्या लागतात. प्राण्याच्या आरोग्याची परवानगी देते ती केंद्र सरकारची ‘अ‍ॅनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेस’. तिची एनओसी प्रवासाआधी घ्यावी लागते आणि तिची केंद्रं असलेल्या मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद अशा ठरावीक शहरांतच प्राणी उतरवता येतो. पुण्याला किंवा गोव्याला घर असलं तरी आंतरराष्ट्रीय प्रवास अशा एका शहरात संपवावा लागेल. दुसरी बाब आयातीची. परदेशात दोन वर्षं राहून कायमचं परत येणाऱ्या व्यक्तीला बॅगेज म्हणून दोन पाळीव प्राण्यांपर्यंत सवलत आहे. इतरांना आयात परवान्याचा लांबचा रस्ता धरावा लागतो. हेल्थ सर्टिफिकेट, लशीचा कागद आणि एनओसीचा अर्ज, तिन्हींवर चिपचा नंबर एकसारखा आहे ना, ते निघण्याआधी पाहा.

युरोपातून येणाऱ्यांनी एक काम निघण्याआधीच करून ठेवावं: टायटर टेस्ट. युरोप सोडण्याआधी ती पास होऊन पेट पासपोर्टमध्ये नोंदली गेली असेल आणि बूस्टर चुकला नसेल, तर भारतातून परत जाताना तीन महिने थांबण्याची अट लागत नाही. अमेरिकेतून येणाऱ्यांनी तिथे दिलेल्या रेबीजच्या लशीचं सीडीसीचं प्रमाणपत्र तिथल्या सरकारी पशुवैद्यकीय यंत्रणेकडून प्रमाणित करून मगच विमानात बसावं. ‘आम्ही आता कायमचे आलो’ म्हणणारी बरीच कुटुंबं दोन-तीन वर्षांत पुन्हा जातात, आणि तेव्हा हे कागद सोन्याच्या मोलाचे ठरतात.

तुमचे हक्क कुठवर

कागदात त्रुटी निघाली तर युरोपात अधिकाऱ्यांपुढे तीन मार्ग असतात: प्राणी आला त्या देशात परत पाठवणं, अटी पूर्ण होईपर्यंत वेगळं ठेवणं, आणि दोन्ही शक्य नसेल तर शेवटचा उपाय म्हणून त्याला दयामरण देणं. खर्च मालकाचा. चिप वाचली गेली नाही असं सांगितलं तर लगेच हार मानू नका. पूर्ण अंगावरून, खांदे आणि छातीपर्यंत हळू स्कॅन करण्याची आणि दुसऱ्या स्कॅनरने पाहण्याची विनंती करा. सरकलेली चिप घाईच्या स्कॅनमध्ये हमखास सुटते. निर्णय झाला तर तो लेखी मागा, कारण लेखी असलं तरच दाद मागता येते.

मालकीच्या वादात मात्र चिपवर फार विसंबू नका. ब्रिटनमध्ये नोंदवहीतलं नाव हे प्राण्याची देखभाल करणाऱ्याचं असतं, तेवढ्याने तो कायदेशीर मालक ठरत नाही. खरेदीची पावती, दत्तकपत्र, डॉक्टरांची तुमच्या नावावरची बिलं जपून ठेवा. घटस्फोट किंवा परत न दिलेला कुत्रा अशा प्रसंगी हेच कागद उपयोगी पडतात. दत्तक घेताना किंवा विकत घेताना आधीच्या माणसाकडून नोंद तुमच्या नावावर करून घ्या, नाहीतर हरवलेल्या प्राण्याबद्दलचा फोन त्यालाच जाईल.

परदेशी जायचं अजून ठरलेलं नसलं तरी आज लसीकरणाची पुस्तिका काढा आणि दोनच तारखा शेजारी ठेवून बघा: चिप बसवल्याची आणि सध्या लागू असलेल्या रेबीजच्या लशीची. चिपची तारीख नंतरची असेल किंवा लिहिलेलीच नसेल, तर पुढच्या बूस्टरची वाट न पाहता या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या.